वकिलाने काम नीट केलं नाही, तर तक्रार कुठे आणि कशी करायची

वकिलावर चिडलेला पक्षकार पहिला प्रश्न विचारतो, "तक्रार कुठे करू?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: "माझी केस आज कुठे आहे?" तक्रारीचा निकाल लागायला महिने, कधी वर्षं जातात. तोवर मूळ दाव्याची मुदत निघून गेली, तर वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) निलंबित होऊनही तुमच्या हाती काही उरत नाही. म्हणून क्रम साधा ठेवा. आधी केस वाचवा, मग कागद जमवा, आणि तक्रार त्यानंतर लिहा.

केस कुठे आहे हे वकिलाला विचारायची गरज नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, केसचा टप्पा आणि मागच्या सगळ्या तारखा दिसतात. सीएनआर म्हणजे प्रत्येक केसला मिळालेला 16 अक्षर-अंकी क्रमांक. तो माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने किंवा दावा क्रमांक व वर्ष टाकूनही शोध घेता येतो. खरा मजकूर मात्र रोजनाम्यात असतो. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची ती कोर्टाची स्वतःची नोंद. पक्षकार म्हणून तुम्ही नकलेचा अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढू शकता, त्यासाठी वकिलाची सही लागत नाही. "साहेब रजेवर होते म्हणून तारीख पडली" असं वकील सांगत असेल आणि रोजनाम्यात "वादी व वादीचे वकील पुकारूनही गैरहजर" असं तीनदा लिहिलेलं असेल, तर तक्रारीतला अर्धा पुरावा तिथेच मिळाला.

रोजनामा वाचताना काही ठरावीक वाक्यं शोधा. "लेखी कैफियत दाखल नाही, कैफियतीविना दावा चालवण्याचा आदेश" हे प्रतिवादीसाठी गंभीर आहे (कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर). दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते आणि कोर्ट साधारणपणे 90 दिवसांपर्यंतच ती वाढवून देतं. "दावा गैरहजेरीत काढून टाकला" म्हणजे ज्याला कोर्टात सगळे "डिफॉल्टमध्ये गेला" म्हणतात ते. असा दावा पुन्हा बोर्डावर आणण्याच्या अर्जाला 30 दिवस मिळतात. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेला निकाल, रद्द करून घेण्यासाठीही 30 दिवसच. मुदत उलटून गेली असेल तर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि त्यात उशिराचं कारण तारखांसह सांगावं लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सांगितलं आहे आणि अशा अर्जांत त्याचा आधार घेतला जातो. पण तो सरसकट परवाना नाही. पाच वर्षं एकदाही चौकशी न करणाऱ्या पक्षकाराला कोर्ट विचारतंच, की तुम्ही स्वतः काय करत होता? वकिलाला पाठवलेले मेसेज, केलेली पत्रं, ई-कोर्ट्सवर पाहिलेल्या तारखा तिथे उपयोगी पडतात.

केस वाचवायची तर बहुधा वकील बदलावा लागतो, आणि तिथे लोक उगाच अडकतात. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही देशभरातल्या वकिलांचं नियमन करणारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणे आधीच्या वकिलाचं वकीलपत्र (नेमणुकीचा कागद) कोर्टात असताना नवा वकील त्याच्या संमतीशिवाय उभा राहत नाही, म्हणून नाहरकत मागितली जाते. आधीचा वकील ती देत नसेल तर वाट संपत नाही. संमती का मिळाली नाही हे नमूद करून नवा वकील कोर्टाकडे परवानगी मागतो आणि कोर्टाच्या परवानगीने हजर होतो. "आधी माझी बाकी फी द्या, मग नाहरकत" या अटीपुढे नमून बसण्याचं कारण नाही.

फाइलचंही तसंच. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तिथे वकिलाने एका सहकारी बँकेच्या केसच्या फायली बिल थकलं म्हणून धरून ठेवल्या होत्या. फीची वसुली करायची तर त्याने वेगळी कारवाई करावी, कागद मात्र परत करायचे. मागूनही फाइल न देणं हे गैरवर्तन आहे, आणि सिद्ध करायला ते सगळ्यांत सोपं. त्यासाठी लागतं ते फक्त लेखी मागणीचं पत्र आणि त्याची पोच.

आता तक्रार नेमकी कशाची आहे ते वेगळं करू. बहुतेक तक्रारी इथेच फसतात, कारण सगळा राग एकाच अर्जात ओतलेला असतो.

केस हरली, ही तक्रार नाही. वकिलाने साक्षीदाराला विचारलेले प्रश्न तुम्हाला पटले नाहीत, त्याने जो मुद्दा घेतला त्यापेक्षा दुसरा घ्यायला हवा होता असं वाटतं, हीसुद्धा नाही. अंदाज चुकणं किंवा नुसता निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1963 पासून सांगितलेलं आहे. त्यात घोर बेपर्वाई किंवा अप्रामाणिकपणा असावा लागतो. फोन न उचलणं, तुसडेपणाने बोलणं, ज्युनिअरला पाठवणं यांनी मनस्ताप होतो, पण तेवढ्यावर सनदेला हात लागत नाही. अशा बाबतीत एक स्पष्ट पत्र लिहा आणि वकील बदला. तक्रारीत वेळ घालवू नका.

याउलट, दावा दाखलच केला नाही आणि "दाखल केला, तारीख मिळेल" असं सांगत राहिला, हे गैरवर्तन आहे. व्ही. सी. रंगादुराई विरुद्ध डी. गोपालन या 1979 च्या प्रकरणात हेच घडलं होतं. दोन वचनचिठ्ठ्यांवर दावे दाखल करायला वकिलाने वृद्ध पक्षकाराकडून पैसे घेतले, दावे दाखल केले नाहीत आणि केल्याचं सांगितलं. तोवर मुदत संपून गेली. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर घेतलेली सही वापरून तडजोड दाखल करणं, पक्षकाराला न विचारता तडजोडीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देणं, कोर्टातून पक्षकारासाठी मिळालेली रक्कम स्वतःकडे ठेवणं, एका बाजूचं काम घेतल्यावर त्याच वादात दुसऱ्या बाजूला जाणं, निकालावर टक्केवारीने फी ठरवणं, हे सगळं नियमांनी स्पष्टपणे बंद केलेलं आहे. शेवटचं अनेकांना माहीत नसतं. अपघात नुकसानभरपाईच्या आणि भूसंपादनाच्या केसेसमध्ये "मिळेल त्यातले इतके टक्के" असा करार सर्रास बोलला जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत त्याला परवानगी नाही.

पैशाचे नियम तर बारकाईने लिहिलेले आहेत. पक्षकाराकडून आलेल्या रकमेचा हिशेब वकिलाने ठेवायचा, फी किती आणि खर्च किती हे वेगळं दाखवायचं. पक्षकारासाठी काही रक्कम हाती आली तर ती आल्याचं लवकरात लवकर कळवायचं, आणि मागितल्यास हिशेबाची प्रत द्यायची. त्या रकमेचं परस्पर कर्जात रूपांतर करायचं नाही. काम मध्येच सोडायचं असेल तर पुरेसं कारण आणि वेळेवर सूचना हवी, आणि न केलेल्या कामाची फी परत द्यायची. तुमची तक्रार यातल्या कुठल्या नियमात बसते हे शोधून त्या एका मुद्द्यावर अर्ज उभा केला, तर तो टिकतो.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण चेकच्या केसेसमध्ये हे फार होतं. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. ते संपल्यावर एक महिन्यात कोर्टात फिर्याद. समजा वकिलाने नोटीस वेळेत पाठवली, फिर्यादीच्या खर्चाचे पैसे घेतले आणि फिर्याद दाखलच केली नाही. अशा वेळी नुसतं "वकिलाने फसवलं" लिहून उपयोग नाही. नोटीस कधी मिळाली, 15 दिवस कधी संपले, फिर्यादीची शेवटची तारीख कुठली होती, त्या तारखेआधी पैसे दिल्याचा पुरावा काय आणि त्या तारखेनंतर वकिलाने "केस लागली आहे" असं कुठे लिहिलं, या पाच गोष्टी एकाखाली एक मांडल्या की घोर बेपर्वाई आणि खोटं सांगणं दोन्ही दिसतं. (आणि तक्रारीआधी नव्या वकिलाकडून उशीर माफ करण्याच्या विनंतीसह फिर्याद दाखल करून घ्या. समाधानकारक कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं.)

तक्रारीआधी वकिलाला एक पत्र जायला हवं. धमकी नको, विशेषणं नकोत. "दि. अमुक रोजी मी आपणास दावा दाखल करण्यासाठी कोर्ट फी व फीपोटी इतके रुपये दिले. दावा क्रमांक व दाखल तारीख 15 दिवसांत लेखी कळवावी. तसेच माझे मूळ कागद, सोबतच्या यादीप्रमाणे, व दिलेल्या रकमेचा हिशेब द्यावा." एवढंच. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याची नोंद छापून ठेवा, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर तेच पत्र पाठवा. बऱ्याचदा या पत्रावरच फाइल परत येते. उत्तर आलं नाही तर ते मौनही पुढे पुरावा म्हणून कामाला येतं. पत्रात "पैसे परत दिले नाहीत तर सनद घालवीन" असं कधी लिहू नका. तसं वाक्य असलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते वाचून दाखवतो आणि तक्रार पैसे उकळण्यासाठी आहे असं म्हणतो.

आता दारं. ग्राहक मंचाचं दार बंद झालं आहे. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं ठरवलं होतं. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वकील आणि पक्षकार यांच्यातलं काम हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे, म्हणून सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगात चालणार नाही, असा तो निकाल. आजही काही जण ग्राहक आयोगाचा अर्ज भरून देतात आणि फी घेतात. त्यात पडू नका.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वकील संघाकडे जाण्याचा सल्ला हमखास मिळतो. वकील संघ ही त्या कोर्टातल्या वकिलांची संघटना. अध्यक्ष समजूतदार असतील तर फाइल मिळवून देणं, नाहरकत मिळवून देणं, फीचा वाद मिटवणं ते करतात आणि लवकर करतात. पण सनदेवर कारवाई करण्याचा अधिकार त्यांना नाही. जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज दिला तरी शिस्तभंगाची कारवाई तिथे होत नाही.

ती होते बार कौन्सिलमध्ये. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, कार्यालय मुंबईत फोर्टला उच्च न्यायालयाच्या आवारात. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही त्यातच. वकील कुठल्या कोर्टात काम करतो यापेक्षा त्याचं नाव कुठल्या राज्याच्या पटावर, म्हणजे वकिलांच्या नोंदणी यादीत, आहे ते महत्त्वाचं. बेळगावात कर्नाटकच्या पटावरचा वकील असेल तर तक्रार कर्नाटकच्या कौन्सिलकडे, बडोद्यात गुजरातच्या, इंदुरात मध्य प्रदेशच्या. वकीलपत्रावर सनद क्रमांक असतो. एमएएच, मग क्रमांक, मग वर्ष अशी त्याची आपल्याकडची रचना. तो नसेल तर केसच्या फाइलमधल्या वकीलपत्राची नक्कल काढा.

तक्रार अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली करायची. नुसतं पत्र किंवा ईमेल पुरत नाही. ती अर्जाच्या स्वरूपात हवी, खाली सही हवी आणि दिवाणी दाव्याप्रमाणे पडताळणी हवी. पडताळणी म्हणजे शेवटचा तो परिच्छेद, जो लोक विसरतात आणि अर्ज त्रुटीत पडतो: "वरील परिच्छेद 1 ते 9 मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे, परिच्छेद 10 व 11 मधील मजकूर मला मिळालेल्या माहितीवरून असून तो खरा आहे असा माझा विश्वास आहे", खाली ठिकाण, तारीख, सही. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. ठरलेली फी भरावी लागते. फी आणि प्रतींची संख्या कार्यालयात विचारूनच संच तयार करा. मराठीत लिहिलं तर चालेल का, हा प्रश्न अनेकांना अडवतो. चालतं. नियमांत राज्यभाषेतल्या तक्रारीची सोय आहे, आणि प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवायची वेळ आली तर इंग्रजी भाषांतर करण्याची जबाबदारी राज्य कौन्सिलची आहे. मोडक्या इंग्रजीपेक्षा नेमक्या मराठीत लिहा.

अर्जाचा मजकूर चार-पाच पानांच्या पुढे जाऊ देऊ नका. वकिलाचं नाव, सनद क्रमांक, कार्यालयाचा पत्ता, त्याला कुठल्या कामासाठी आणि कधी नेमलं, काय दिलं. मग तारखांचा तक्ता: डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं, उजवीकडे त्याचा कागद कुठल्या पानावर. ज्या ओळीसमोर उजवा रकाना रिकामा राहतो ती ओळ दोनदा वाचा आणि तिच्याशिवाय तक्रार उभी राहते का ते पाहा. राहत असेल तर काढा. "हा वकील सगळ्यांनाच असं करतो", "याची समोरच्या पार्टीशी मिलीभगत आहे" ही वाक्यं पुरावा नसताना लिहिली की उलटतपासणीत तुम्हालाच त्यांची उत्तरं द्यावी लागतात आणि खरा मुद्दाही त्यात झाकला जातो. शिस्तभंगाच्या प्रकरणात पुराव्याची अपेक्षा जास्त असते, कारण त्यात माणसाची रोजीरोटी पणाला लागते. ते योग्यही आहे.

कागदांत वकीलपत्राची नक्कल, पैसे दिल्याचा पुरावा, रोजनामा, तुमचं पत्र आणि पोच, आणि संदेश. फी रोख दिली आणि पावती नाही, ही सगळ्यांत मोठी अडचण. तेव्हा त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम, "पैसे मिळाले" असा एखादा मेसेज, सोबत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, असं जोडत जावं लागतं. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरेसे समजू नका. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा, मूळ फोन जपा, फोन बदलायचा असला तरी जुना विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत दिलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरचा पहिला आक्षेप निघून जातो. मूळ कागद कौन्सिलला देऊ नका, प्रती द्या आणि मूळ कागद सुनावणीला दाखवा.

अजून एक जपायचं. तुमची मूळ केस चालू असेल तर तक्रारीत तुमच्या बाजूची गुपितं लिहू नका. तक्रारीतला मजकूर समोरच्या पक्षाच्या हाती पडला तर तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्ध तक्रार करायची असेल तर थांबून विचार करा. त्याने त्याच्या पक्षकारासाठी तुमच्याविरुद्ध कडक नोटीस दिली, दाव्यात तुम्हाला झोंबेल असं लिहिलं, एवढ्यावर तक्रार टिकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र-गोव्याच्या बार कौन्सिलकडून गेलेल्या प्रकरणात सांगितलं, की तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नातं असणं ही सर्वसाधारणपणे पहिली अट आहे, आणि तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवताना कौन्सिलने मनाशी विचार केल्याचं आदेशात दिसलं पाहिजे. म्हणून आपल्या अर्जातच पहिल्या परिच्छेदात "सदर वकील माझे वकील होते" हे वकीलपत्रासह दाखवा, आणि कुठला नियम मोडला हे स्पष्ट लिहा. कौन्सिलला कारणं लिहिणं सोपं जाईल असा अर्ज हवा.

अर्ज गेल्यावर कौन्सिल अधिक तपशील मागू शकतं, वकिलाचं म्हणणं मागवू शकतं. गैरवर्तन झालं असं मानायला कारण दिसलं तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. दोघे कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरचा ज्येष्ठ वकील. समितीला साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथेवर जबाब घेणं यासाठी दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. नोटीस वकिलाला जाते आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनाही. साधारणपणे कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर निर्णय होतो, गरज वाटली तर उलटतपासणी. तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा वकील देऊ शकता. "वकिलाविरुद्ध वकील कोण देणार" ही भीती खरी असते, विशेषतः लहान गावात. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातला वकील, नाहीतर स्वतः. तारखांचा तक्ता चांगला असेल तर स्वतः मांडणं अवघड नाही.

तक्रारी मरतात त्या बहुधा तारखांना. तक्रारदार दोन-तीन तारखांना जात नाही, मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत, आणि मध्येच वकील थोडे पैसे देऊन तडजोड करतो. नियम असा आहे की तक्रार मागे घेतली किंवा तडजोड झाली एवढ्याच कारणाने चौकशी बंद करता येत नाही. प्रत्यक्षात मात्र तक्रारदार पुरावा द्यायलाच आला नाही तर समितीच्या हातात फार काही राहत नाही. तडजोड करायची असेल तर उघड करा, समितीपुढे ठेवा, आणि आधी कागद व रक्कम हाती घ्या. "आधी तक्रार मागे घ्या, मग देतो" याला हो म्हणू नका.

कायद्यात मुदतही आहे. कलम 36-ब प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात राज्याच्या समितीने ती निकाली काढायची. नाही काढली तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही एका वर्षाची मुदत पाळण्याचे आदेश सगळ्या राज्य कौन्सिलना दिले आहेत. म्हणून तक्रार दाखल झाल्याचा शिक्का आणि क्रमांक असलेली प्रत जपून ठेवा. वर्ष झालं की त्या तारखेचा आणि कलमाचा उल्लेख करून दोन्हीकडे पत्र पाठवा. आपोआप वर्ग होते असं कायदा म्हणतो, पण फाइल मुंबईहून दिल्लीला जायला कोणीतरी मागे लागावं लागतं.

समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. निलंबनाच्या काळात त्या वकिलाला देशात कुठेही वकिली करता येत नाही. समितीच्या आदेशाविरुद्ध 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुढे 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. समितीकडे न पाठवताच कौन्सिलने तक्रार काढून टाकली असेल तर कलम 48-अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण, म्हणजे त्या निर्णयाची फेरतपासणी, मागता येतं.

विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला मोफत वकील असेल तर त्याआधी एक जवळचं दार आहे. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या, वकील बदलून मागा. पॅनलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे मागणं हीच मोठी तक्रार आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100. स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. आपल्याच वकिलाविरुद्ध दावा लढायलासुद्धा ही मदत मागता येते.

परदेशात राहून इथली जमीन-घराची केस चालवणाऱ्यांसाठी एकच आग्रह: मुखत्यारपत्र केस चालवणाऱ्या वकिलालाच देऊ नका. मुखत्यार घरचा ठेवा, वकील वेगळा. केसच्या तारखा ई-कोर्ट्सवर असतात. प्रत्येक तारखेनंतर दुसऱ्या दिवशी पाहायची सवय ठेवा.

राहिला पैसा. बार कौन्सिल नुकसानभरपाई देत नाही. लोक वर्षभर फेऱ्या घालून शेवटी विचारतात, माझे पैसे कधी मिळणार? ते काम दिवाणी कोर्टाचं. वकील असल्यामुळेच निष्काळजीपणाच्या दाव्यातून सूट मिळत नाही, असं 1926 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टच्या कलम 5 मध्ये लिहिलेलं आहे, आणि 2024 च्या त्या ग्राहक निकालानेही साध्या कोर्टाचं दार उघडंच ठेवलं. पण या दाव्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. वकिलाने चूक केली, आणि ती केली नसती तर मूळ केसमध्ये तुम्हाला अमुक इतकं मिळालं असतं. दुसरी जड जाते, म्हणून मूळ केसचे कागद शेवटपर्यंत जपायचे.

कोर्टातून आलेली तुमची रक्कम वकिलाने खाल्ली असेल, सही बनावट केली असेल, तर तो फौजदारी गुन्हाही आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागते. वकील-एजंटाने केलेला विश्वासघात कलम 316(5), फसवणूक 318(4). त्याआधीच्या घटनेला जुनी दंडसंहिता, कलम 409 आणि 420. पोलीस "हा तुमचा आणि वकिलाचा फीचा वाद" म्हणून हात झटकतात, तेव्हा कोर्टातून रक्कम कुणाच्या सहीने आणि कुठल्या खात्यात गेली याची नक्कल पुढे ठेवा. नुसत्या न केलेल्या कामासाठी पोलिसांकडे जाऊ नका. तिथे गुन्हा बसत नाही आणि बार कौन्सिलमधली तुमची बाजू मात्र कमकुवत होते.

दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, वकिलाची चूक तुम्हाला कळली त्या दिवसापासून. बार कौन्सिलमध्ये तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. चूक कळल्याची तारीख वहीत वर लिहून ठेवा आणि समितीचा निकाल येवो न येवो, दावा त्या तीन वर्षांत दाखल करा.